दीड खंडीची सव्वा खंडी कशी झाली? जुने कागद साफ करणारं गणित, सोप्या भाषेत

बेळगावातल्या आमच्या अनगोळच्या घरी एक पत्र्याची ट्रंक आहे, जमिनीच्या कागदांची. सीमाभागातल्या कितीतरी जुन्या घरांत असते तशीच. शेत एकच, पण त्याचे कागद तीन लिप्यांतले: पणजोबांच्या वेळचे मोडीत, आजोबांच्या वेळचे बाळबोधीत आणि १९५६ नंतरचे कन्नडमध्ये. गेल्या पावसाळ्यानंतर ट्रंक उघडली तर तळाच्या कागदांना ओल लागलेली. आणखी खराब व्हायच्या आत मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत म्हणून एका रात्री बसलो.

त्यातला एक खंडाचा कागद होता. कुळानं वर्षाला किती खंडी भात घालायचं, त्याचा करार. खंडी हे धान्याचं जुनं माप. बल्बच्या पिवळ्या उजेडात काढलेला फोटो रवाळ आला, अक्षरांवर वाळू भुरभुरल्यासारखा. चुलतभावानं तो कुठल्याशा ॲपमधून 'क्लिअर' करून घरच्या ग्रुपवर टाकला. कागद पांढराशुभ्र, अक्षरं काळीभोर. सगळ्यांनी अंगठे दाखवले. आत्याला मात्र मोडी वाचता येते. तिचा फोन आला, "हे काय करालास रे? दीड खंडीची सव्वा खंडी कुणी केली?"

जुन्या हिशेबात पाव दाखवायला एक उभी रेघ मारत. '१।' म्हणजे सव्वा, '१॥' म्हणजे दीड, '१॥।' म्हणजे पावणेदोन. मूळ कागदावर आकड्यापुढं दोन रेघा आहेत, त्यातली एक फिकी. ॲपनं ती फिकी रेघ डाग समजून पुसली आणि उरलेली ठसठशीत केली. पाव खंडी भात एका बोटाच्या स्पर्शानं नाहीसं झालं, आणि ते का झालं हे सांगायला तिथं कुणी नव्हतं.

जुने दस्त स्कॅन करायचं काम सध्या सरकारी कचेऱ्यांपासून घराघरापर्यंत चाललंय, आणि 'एआयनं फोटो साफ करा' हे तर प्रत्येक मोबाईलवर आलंय. साफ करणं म्हणजे नेमकं काय करणं, हे म्हणूनच समजून घ्यायला हवं. त्यासाठी एक जुनी, भरवशाची आणि उघडी पद्धत आहे. तिचं नाव व्हेरिएशनल पद्धत. नाव अवघड असलं तरी विचार शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे.

फोटो म्हणजे आकड्यांचं शेत

मोबाईलमधला फोटो म्हणजे चौकटीत मांडलेले आकडे. प्रत्येक बारीक ठिपक्याला, म्हणजे पिक्सेलला, एक आकडा. काळ्या-पांढऱ्या फोटोत शून्य म्हणजे पूर्ण काळा आणि २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत असे एक कोटी वीस लाख ठिपके असतात.

मग रवाळपणा कुठून येतो? अंगणात सारख्या आकाराच्या शंभर वाट्या मांडा आणि रिमझिम पावसात मिनिटभर ठेवा. पाऊस सगळीकडे सारखाच, तरी एका वाटीत सात थेंब पडतील, शेजारच्या वाटीत दहा. मुसळधार पावसात हा फरक जाणवत नाही, रिमझिमीत जाणवतो. कॅमेऱ्यातला सेन्सर उजेडाचे कण असेच मोजतो. उजेड कमी असला की एकाच कागदाच्या शेजारशेजारच्या ठिपक्यांत वेगवेगळे आकडे पडतात. या नको असलेल्या चढउताराला 'नॉइज' म्हणतात. आपण त्याला दाणे म्हणू.

आता खरी अडचण. हातात आलेला आकडा म्हणजे खरा आकडा अधिक दाणा. बेरीज माहीत आहे, पण बेरजेतले दोन्ही आकडे माहीत नाहीत. 'दोन संख्यांची बेरीज दहा, तर त्या संख्या कोणत्या?' असं विचारलं तर उत्तरं अगणित. त्यातलं एक निवडायचं तर बाहेरून काहीतरी माहिती घालावीच लागते. फोटो साफ करणारी प्रत्येक पद्धत अशी माहिती घालते, ॲपही घालतं. प्रश्न एवढाच की काय घातलं ते तुम्हाला दिसतं का.

खर्च मांडा, कमीत कमी खर्चाचं चित्र निवडा

दोन खांबांना बांधलेली वलणी आपोआप एका ठराविक आकारात लोंबते. तारेच्या कड्यात धरलेला साबणाचा पडदा कड्याला धरून राहतो आणि तेवढ्यात कमीत कमी जागा व्यापतो. कुणी आखून दिलेलं नसतं. शक्य असलेल्या सगळ्या आकारांतून ज्याचा 'खर्च' कमी, तो आकार निसर्ग घेतो. असा कमी खर्चाचा आकार शोधायचं गणित जुनं आहे. योहान बर्नुलीनं १६९६ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांना कोडं घातलं होतं, की मणी वरच्या टोकापासून खालच्या टोकाला कमीत कमी वेळात घसरायचा तर घसरगुंडीचा आकार कसा हवा? पुढं ऑयलर आणि लाग्रांज यांनी त्याचं शास्त्र केलं. व्हेरिएशनल पद्धत म्हणजे तेच शास्त्र.

चित्राच्या बाबतीत खर्च दोन भागांचा असतो. साफ केलेलं चित्र मूळ फोटोपासून जितकं दूर जाईल तितका एक खर्च. साफ केलेल्या चित्रात जितका खडबडीतपणा उरेल तितका दुसरा. दोन्हींची बेरीज कमीत कमी करणारं चित्र म्हणजे उत्तर. नुसता पहिला खर्च धरला तर फोटो होता तसाच राहतो, दाण्यांसकट. नुसता दुसरा धरला तर सगळा कागद एकाच राखाडी रंगाचा होतो, अक्षरांसकट. दोघांत तडजोड करायला दुसऱ्या खर्चाला एक वजन देतात. ते वजन तुम्ही ठरवता.

खडबडीतपणा मोजायचा कसा? सगळी गोम तिथंच आहे.

खाचर आणि बांध

खानापूरकडं पावसाळ्यात भाताची खाचरं बघितलीत ना? प्रत्येक खाचर पाण्यानं समपातळी, मध्ये बांध, बांधापलीकडचं खाचर हातभर खाली. तेही समपातळीच. चिखल फळीनं सारखा करताना शेतकरी ढेकळं मोडतो, बांध मोडत नाही. बांध मोडला तर पाणी जातं आणि शेजाऱ्याशी तंटा होतो.

लिहिलेल्या कागदाचा फोटो असाच असतो. कागद एक खाचर, शाई दुसरं, आणि अक्षराची कड म्हणजे बांध. दाणे म्हणजे ढेकळं. ढेकळं जायला हवीत, बांध राहायला हवा.

जुन्या पद्धतीत शेजारच्या दोन ठिपक्यांतल्या फरकाचा वर्ग करत आणि सगळ्या वर्गांची बेरीज म्हणजे खडबडीतपणा धरत. वर्ग केला की मोठा फरक फार महाग पडतो. साठाचा एक उंच बांध असेल तर खर्च ३६००. तोच चढ वीस-वीसच्या तीन पायऱ्यांत विभागला तर ४०० गुणिले तीन, म्हणजे १२००. गणिताला स्वस्त हवं असतं, म्हणून ते बांध ढासळवून उतार करतं. साफ केलेला फोटो धुरकट, कडा पसरलेल्या, असा येतो त्याचं कारण हे.

१९९२ मध्ये लिओनिड रुडिन, स्टॅन्ली ओशर आणि एमाद फातेमी या तिघांनी वर्ग करणं सोडून दिलं. नुसता फरक मोजा, म्हणाले, चढ असो की उतार. याला 'टोटल व्हेरिएशन' म्हणतात, म्हणजे एकूण चढउतार. साठाचा एक बांध, खर्च साठ. वीस-वीसच्या तीन पायऱ्या, खर्च साठच. बांध ढासळवून आता काहीच वाचत नाही, म्हणून गणित त्याला हात लावत नाही. ढेकूळ मात्र दोनदा महाग पडतं, एकदा चढताना आणि एकदा उतरताना, म्हणून ते आधी जातं. इतक्या छोट्या बदलात इतकी मोठी गोष्ट साधली जाते याचं मला आजही नवल वाटतं.

हातानं करून बघू. शाईवरून कागदावर जाणारी आठ ठिपक्यांची एक ओळ घ्या. आकडे सोपे राहावेत म्हणून मोजपट्टी शंभरापर्यंतचीच धरू:

२०, २२, १८, २०, ८०, ८२, ७८, ८०

पहिले चार शाईचे, पुढचे चार कागदाचे. शेजारशेजारचे फरक २, ४, २, ६०, २, ४, २. बेरीज ७६. दुसऱ्या खर्चाचं वजन चार धरलं तर फोटो तसाच ठेवायचा एकूण खर्च ७६ गुणिले ४, म्हणजे ३०४.

आता शाई सगळीकडे २० आणि कागद सगळीकडे ८० करा. चढउतार उरला ६०, त्याचे २४०. मूळ फोटोपासून चार ठिपके दोन-दोननं हलले. हा पहिला खर्च मात्र वर्ग करूनच मोजतात, त्या वर्गांची बेरीज १६. एकूण २५६. दाणे गेले, बांध राहिला, खर्चही कमी झाला. सगळी ओळ ५० करून टाकली तर चढउतार शून्य, पण मूळ फोटोपासून इतकं लांब जातो की खर्च ७२१६. ते गणित घेणारच नाही.

आणखी एक बारकावा आहे, जो विक्रीच्या जाहिरातीत कुणी सांगत नाही. अगदी तंतोतंत कमी खर्च काढला तर उत्तर २० आणि ८० येत नाही, २०.५ आणि ७९.५ येतं. खर्च २५४. बांधाची उंची साठाची एकोणसाठ होते. म्हणजे या पद्धतीत काळं थोडं कमी काळं होतं आणि पांढरं थोडं कमी पांढरं. वजन वाढवत नेलं की हे अंतर घटत जातं, आणि आपल्या या ओळीत वजन २४० झालं की शाई आणि कागद दोन्ही ५० होऊन अक्षर नाहीसं होतं.

मग ही पद्धत रेघ पुसत नाही का?

पुसते. वजन जास्त दिलं तर नक्की पुसते, आणि हे आधीच सांगायला हवं.

वरच्या ओळीत शाईचे चार ठिपके होते. त्याऐवजी शाईचा एकच ठिपका, दोन्ही बाजूंना कागद, असं असतं तर? चढउतार दोन्ही बाजूंचा मोजावा लागतो आणि ती रेघ धरून ठेवायला ठिपका मात्र एकच. अशी बारीक रेघ लवकर फिकी पडते. गोल ठिपक्याचंही तेच. ठिपका जितका लहान तितका तो वेगानं विरतो. म्हणजे धोका नेमका कुणाला, तर अनुस्वाराला आणि पाव दाखवणाऱ्या रेघेला. ज्यांच्यावर अर्थ अवलंबून, तेच आधी जायच्या वाटेवर.

दुसरा दोष म्हणजे हळूहळू बदलणारी छटा, उदाहरणार्थ चेहऱ्यावरची सावली, ही पद्धत पायऱ्यापायऱ्यांची करून टाकते. डोंगरउतारावर टप्प्याटप्प्यानं खाचरं पाडावीत तसं. जिला सगळं जग खाचर आणि बांधाचंच दिसतं, तिच्या हाती गाल दिला तर ती गालावरही बांध घालणार. लिहिलेल्या कागदाला ती शोभते, लग्नातल्या फोटोला बेतानंच वापरावी. आणि ओलीचा पसरलेला डाग तिनं निघत नाही, कारण डाग म्हणजे ढेकूळ नव्हे, ते वेगळं खाचरच आहे.

ॲप आणि ही पद्धत यांत फरक मग काय उरला?

ॲपच्या पोटात बहुधा न्यूरल नेटवर्क असतं. लाखो फोटो दाखवून शिकवलेलं. ओळखीच्या प्रकारच्या फोटोवर ते टोटल व्हेरिएशनपेक्षा पुष्कळदा सरस काम करतं, ते मी नाकारत नाही. पण ते चित्र कसं 'असावं' याचा अंदाज शिकलेल्या फोटोंवरून बांधतं. त्या लाखोंत मोडीतले खंडाचे कागद किती असतील? दोन रेघांपैकी एक फिकी दिसली की तिचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं, आणि त्यानं काय ठरवलं ते कोट्यवधी आकड्यांत विखुरलेलं असतं. ते उकलून दाखवणं बनवणाऱ्यालाही कठीण.

व्हेरिएशनल पद्धतीचंही एक मत असतं, पण ते एका ओळीत लिहिलेलं असतं. चढउतार कमी असावा, वजन अमुक. चूक झाली तर ती कुठून आली ते सांगता येतं आणि वजन कमी करून मागं येता येतं. घरच्या हिशेबात, वारसाच्या वाटणीत, गावाच्या इतिहासात मला हे फार मोलाचं वाटतं.

यासाठी काय विकत घ्यावं लागतं?

काही नाही. ही गणितं करणारी बरीच सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहेत, म्हणजे त्यांची मूळ सूत्रं सगळ्यांना वाचायला खुली असतात आणि कुणीही ती वापरू शकतो, बदलू शकतो.

प्रोग्रॅमिंगशी संबंध नसेल तर गिम्प घ्या. फोटो दुरुस्तीचं हे सॉफ्टवेअर १९९६ पासून मिळतं. त्याला जीमिक नावाची जोड बसवता येते, ती फ्रान्समधल्या काँ शहरातल्या ग्रेयक या संशोधन प्रयोगशाळेत तयार झाली. तिच्यातल्या दुरुस्तीच्या विभागात टोटल व्हेरिएशनचं फिल्टर आहे. पट्टी सरकवली की शेजारी परिणाम दिसतो.

पायथन थोडं येत असेल, किंवा घरात इंजिनिअरिंगला जाणारं पोर असेल, तर सायकिट-इमेज हा संच जास्त सोयीचा. त्यात 'डीनॉइज टीव्ही शाम्बोल' नावाचं काम तयार आहे. आंतोनॅं शाम्बोल या फ्रेंच गणितज्ञानं २००४ मध्ये टोटल व्हेरिएशनचं उत्तर झटपट काढायची रीत दिली, म्हणून त्यांचं नाव. इथं आकडे शून्य ते एक या मापात असतात आणि वजन न सांगितलं तर ते ०.१ धरलं जातं. फोटो वाचा, करडा करा, वजन सांगा, साठवा. चार-पाच ओळींचं काम, साध्या लॅपटॉपवर, इंटरनेट नसताना. घरचे कागद घराबाहेर जात नाहीत.

"फुकटचं म्हणजे कच्चं असणार," असं एका परिचितांनी मला म्हटलं. त्यांना मी कृष्णविवराचं उदाहरण दिलं. १० एप्रिल २०१९ ला एम ८७ या दीर्घिकेच्या मधल्या कृष्णविवराचं पहिलं चित्र जगानं बघितलं. पृथ्वीवर विखुरलेल्या दुर्बिणींनी गोळा केलेली माहिती अपुरी होती. बेरीज माहीत, आकडे माहीत नाहीत, तीच आपली अडचण, फक्त फार मोठी. चित्र काढायला चार गट एकमेकांशी न बोलता बसले, आणि वापरलेल्या काही रीतींत हाच दोन खर्चांचा हिशेब होता, टोटल व्हेरिएशन धरून. त्यातलं एक सॉफ्टवेअर पायथनमधलं आणि सगळ्यांना खुलं आहे. एमआरआयमध्येही २००७ पासून या वाटेवर काम झालं, की कमी मोजमापं घेऊन, म्हणजे रोग्याला त्या नळीत कमी वेळ झोपवून, चित्र पुरेसं स्वच्छ काढता यावं.

वाळवीनं खाल्लेला भाग भरून निघेल का?

चित्रातला फुटका भाग आजूबाजूच्या आकड्यांवरून भरून काढायच्या रीती आहेत, त्याला इनपेंटिंग म्हणतात, आणि त्याही याच घराण्यातल्या. फोटोत आजीच्या साडीवर घडीची चीर पडली असेल तर जरूर वापरा. दस्तावर वापरू नका. वाळवीनं खाल्लेल्या भोकात काय लिहिलं होतं ते शेजारच्या शाईला माहीत नसतं. भोक भोक म्हणूनच राहू द्या.

साफ केलेली प्रत वाचण्यासाठी असते, पुराव्यासाठी नाही. मूळ कागद आणि हात न लावलेला फोटो दोन्ही जपा. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो आकारानं कमी होताना बारीक रेघा तिथंच मार खातात. आणि आधी दिवसाच्या उजेडात फोटो काढा. रिमझिमीपेक्षा मुसळधार बरा. मी रात्री काढला, ती चूक माझी.

किती वजन द्यायचं ते कळायचं कसं?

याची एक साधी परीक्षा आहे. मूळ फोटोतून साफ केलेला फोटो वजा करा. जे उरतं ते म्हणजे पद्धतीनं काढून टाकलेला कचरा. चांगला कचरा नुसता दाण्यांचा असतो, तांदूळ पाखडल्यावर सुपातल्या कोंड्यासारखा. कोंड्यात तांदूळ दिसायला लागले तर तुम्ही जास्त पाखडलंत. तसंच वजाबाकीच्या चित्रात अक्षरांचे आकार दिसू लागले की समजा पद्धतीनं अक्षरं खाल्ली आहेत, वजन कमी करा.

खंडाच्या त्याच कागदावर मी हे केलं. वजन ०.२ ठेवलं तेव्हा साफ प्रत देखणी आली, पण वजाबाकीत आकड्यापुढची फिकी रेघ स्वच्छ उभी होती. म्हणजे ती कचऱ्यात गेली होती. ०.१ ला ती वजाबाकीत अंधूक दिसली. ०.०५ ला वजाबाकीत नुसते दाणे उरले आणि रेघ साफ प्रतीत आपल्या जागी. कागद तेवढा गुळगुळीत दिसत नव्हता, थोडी वाळू राहिली होती.

आत्याकडं मूळ फोटो, ०.०५ ची प्रत आणि वजाबाकीचं चित्र अशी तिन्ही छापून नेली. तिनं चष्मा पुसला, तिन्ही कागद ओसरीवर शेजारी शेजारी ठेवले, दोन रेघांवर बोट ठेवलं आणि पुढची ओळ वाचायला घेतली.